दोन विमान कंपन्यांचं भाडं सारखंच का असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुणे–नागपूर जाणं-येणं नेहमीचं असल्यामुळे गेले तीन महिने तुम्ही दोन स्वस्त विमान कंपन्यांची भाडी वहीत लिहून ठेवलीत. दोन्हींमध्ये फरक शंभर-दीडशे रुपयांचा. एकीने भाडं उतरवलं की तासाभरात दुसरी उतरवते, आणि दिवाळीच्या आठवड्यात दोघी एकदम चढवतात. तुम्ही विचारता, ही मिलीभगत नाही का? आणि ही खरी स्पर्धा असेल तर डेक्कन, किंगफिशर, गो फर्स्ट अशा कंपन्या एकामागून एक बंद का पडल्या?

मी सतरा वर्षं स्वस्त विमान कंपन्यांच्या रेव्हेन्यू मॅनेजमेंट खात्यात काम केलं. या खात्याला आम्ही ‘आरएम’ म्हणतो. कुठल्या फेरीतली किती आसनं कोणत्या भाड्याला विकायची, हे तिथे ठरतं. त्या खुर्चीवरून जे दिसलं ते सांगते. आधीच एक कबूल करते: तुमच्या मार्गावरच्या दोन कंपन्यांच्या आतल्या बैठकांमध्ये काय चालतं हे बाहेरून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. पण सारख्या भाड्यांवरून मिलीभगत सिद्ध होत नाही, हे मात्र मी खात्रीने सांगेन. तुम्ही भाडं पाहताय. खरी झुंज भाड्यात दिसत नाही, ती दुसरीकडे चालते. पण आधी भाड्याचंच बघू.

एका विमानात १८६ आसनं असतील तर ती आम्ही दहा-बारा भाड्यांच्या कप्प्यांमध्ये वाटतो. या कप्प्यांना ‘बकेट’ म्हणतात. सर्वांत स्वस्त कप्प्यात मोजकी आसनं, ती संपली की पुढचा कप्पा उघडतो. गेल्या वर्षी त्याच वारी, त्याच वेळच्या फेरीत उड्डाणाच्या साठ दिवस आधी किती तिकिटं गेली होती, तीस दिवस आधी किती, सात दिवस आधी किती, याचा आलेख संगणकात असतो. यंदाची विक्री त्या आलेखाच्या पुढे धावत असेल तर स्वस्त कप्पे लवकर बंद होतात, मागे पडली तर पुन्हा उघडतात. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी पुण्यातली निम्मी आयटीतली मुलं विदर्भात घरी निघतात. दोन्ही कंपन्यांच्या संगणकांना एकच गर्दी दिसते आणि दोन्ही एकच निष्कर्ष काढतात. त्यासाठी कुणी कुणाला फोन करायची गरज नसते.

आता एकीने उतरवल्यावर दुसरी का उतरवते? एक हिशेब मांडते, आकडे समजण्यापुरते आहेत. समजा माझ्या फेरीला १५० प्रवासी मिळतात आणि सरासरी भाडं ४,८०० रुपये. म्हणजे ७ लाख २० हजार. समोरच्याने ४,३०० केलं. मीही ४,३०० केलं तर १५० प्रवाशांचे ६ लाख ४५ हजार मिळतील, म्हणजे तोटा ७५ हजारांचा. मी ४,८०० वरच अडून बसले आणि पस्तीस माणसं तिकडे गेली तर हाती येतील ५ लाख ५२ हजार. विमान तर उडणारच आहे. वैमानिकांचा पगार, भाड्याने घेतलेल्या विमानाचं भाडं, विमानतळाचं शुल्क आणि बहुतेक सगळं इंधन तेवढंच लागणार, मग ११५ माणसं बसोत की १५०. म्हणून मी उतरवते, आणि लगेच उतरवते. समोरच्याची भाडी दिवसातून कित्येकदा आपोआप टिपणारी साधनं प्रत्येक कंपनीकडे असतात. जी माहिती तुम्ही वहीत लिहिता, तीच आमच्या पडद्यावर सतत सरकत असते.

एका मार्गावर मी हे आठ महिने भोगलं आहे. दोन कंपन्यांची सकाळची विमानं वीस मिनिटांच्या अंतराने सुटायची. दोघींनाही तो व्यवसायाचा प्रवासी हवा होता, जो सकाळी जाऊन रात्री परत येतो. भाडं खाली खाली जात राहिलं. विमानं भरलेली, विमानतळावर गर्दी, आणि दर सोमवारच्या बैठकीत आम्ही तोट्याचा आकडा वाचायचो. नवव्या महिन्यात समोरच्या कंपनीने ती फेरी काढली आणि विमान दुसऱ्या शहराला लावलं. पुढच्या पंधरवड्यात आमचं त्या फेरीचं सरासरी भाडं जवळपास दीडपट झालं. ते वाढवणारी मीच होते. त्या मार्गावरच्या प्रवाशाने आधीचे आठ महिने मजेत काढले, आणि मग त्याच्यापुढे पर्याय उरला नाही.

म्हणजे मिलीभगत कधी होतच नाही का? होऊ शकते, आणि ती ओळखायच्या खुणा वेगळ्या असतात. आपल्याकडचं नोंदवलेलं उदाहरण प्रवासी भाड्याचं नाही, मालवाहतुकीचं आहे. जेट एअरवेज, इंडिगो आणि स्पाइसजेट यांनी मालावरचा इंधन अधिभार संगनमताने ठरवला, असं म्हणत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१५ मध्ये त्यांना दंड केला. अपिलात तो आदेश रद्द झाला, फेरसुनावणी झाली आणि २०१८ मध्ये आयोगाने पुन्हा, पण खूपच कमी रकमेचा दंड लावला. तिथे संशयाचं कारण काय होतं ते बघा: अधिभार जवळजवळ एकाच वेळी, सारख्याच रकमेने वाढत गेला, आणि तेलाचे भाव पडले तेव्हा तो त्या प्रमाणात उतरला नाही. खर्चाशी नातं तुटलेली, एकाच दिवशीची, एकाच आकड्याची वाढ. प्रवासी भाड्यांची चौकशीही आयोगाने केली होती. ती २०२१ मध्ये पुराव्याअभावी बंद झाली.

तुमच्या वहीतल्या नोंदींमध्ये भाडी खालीही येतात आणि वरही जातात, गर्दीबरोबर हलतात. ही दोन दुकानं एकमेकांच्या पाटीवर डोळा ठेवून असल्याची लक्षणं आहेत. दोघींनी मिळून फेऱ्या कमी केल्या, किंवा ‘सकाळ तुझी, संध्याकाळ माझी’ अशी वाटणी करून घेतली असं दिसलं, तर मी नक्की सावध होईन.

यात मार्गावर बरंच अवलंबून असतं. पुणे–नागपूरला विमानाची स्पर्धा फक्त विमानाशी नाही. रात्रीच्या ट्रॅव्हल्स आहेत, रेल्वे आहे, ऑगस्ट २०२५ पासून अजनी–पुणे वंदे भारतही आहे. बसचं दिवाळीचं भाडं ज्या पट्टीत जातं, त्याचा दाब विमानाच्या खालच्या कप्प्यांवर पडतो. पुणे–दिल्लीला तसा दाब फार कमी, कारण तितक्या लांब बसने जाणारा आणि विमानाने जाणारा हे वेगवेगळे प्रवासी. लेहचा रस्ता हिवाळ्यात बराच काळ बंद असतो, तेव्हा तिथे विमान कंपनी मागेल ते भाडं. म्हणून एका मार्गावरून सगळ्यांचा निष्कर्ष काढू नका.

आता खऱ्या झुंजीकडे. भाडं तासाभरात नकलता येतं, खर्च नकलता येत नाही. स्वस्त विमानसेवेचा सगळा धंदा या एका वाक्यात आहे.

विमान जमिनीवर उभं असलं की फक्त पैसे खातं. उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतच्या वेळेला ‘टर्नअराउंड’ म्हणतात. एक विमान दिवसाला सहा फेऱ्या करत असेल तर मध्ये पाच टर्नअराउंड येतात. प्रत्येकी पंधरा मिनिटं वाचवली तर सव्वा तास हाती लागतो, आणि त्यात पुणे–नागपूरसारखी एक जादा फेरी जवळपास बसते. म्हणून केबिन क्रू उतरता उतरताच कचरा गोळा करतो, म्हणून जमेल तिथे पुढून-मागून दोन्हीकडून जिने लावतात, म्हणून विमानात गरम जेवणाचा पसारा नसतो. एकाच जातीची विमानं ठेवली की वैमानिक कुठल्याही विमानावर बसू शकतो, सुटे भाग एकाच प्रकारचे लागतात, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण एकदाच. अमेरिकेत साउथवेस्टने १९७१ पासून हा मार्ग घालून दिला.

इंडिगोची खरी चाल मात्र विमान उडण्याआधीच खेळली गेली होती. पहिलं उड्डाण ऑगस्ट २००६ मध्ये झालं. त्याच्या वर्षभर आधी, हाती एकही विमान नसताना, त्यांनी एअरबसकडे १०० विमानांची मागणी नोंदवली. एवढ्या घाऊक खरेदीला कारखाना मोठी सूट देतो. मग विमान ताब्यात येताच ते भाडेपट्टी कंपनीला विकायचं आणि तिच्याकडूनच काही वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं. सवलतीत घेतलेल्या विमानाची विक्री चांगल्या दराने झाली की रोख हाती येते, आणि विमान जुनं होऊन दुरुस्तीचा खर्च वाढायच्या आत परत करून नवं आणता येतं. २०११ मध्ये १८०, पुढे २५०, २०१९ मध्ये ३०० आणि २०२३ मध्ये एकदम ५०० विमानं, अशा मागण्या ते नोंदवत गेले. दहा विमानं मागणाऱ्याला हा दर कधीच मिळत नाही. दोन कंपन्या ४,३०० रुपयांना तिकीट विकतात तेव्हा एकीचे त्यात दोनशे सुटतात आणि दुसरीचे तीनशे जातात, ते इथे.

इंधन हा सर्वांत मोठा खर्च. तेल महागलं की एकूण खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा तेच खातं. विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यावर प्रत्येक राज्याचा वेगळा व्हॅट आहे. महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. कर कमी असलेल्या गावी टाकी जास्त भरायची आणि महाग गावी कमी, हा आमच्या नियोजनाचा रोजचा भाग. विमानांची भाडी आणि मोठ्या दुरुस्त्या डॉलरमध्ये, तिकीट रुपयात. रुपया घसरला की तुमच्या भाड्यात काहीही न बदलता कंपनी तोट्यात जाऊ शकते.

तुमचा दुसरा प्रश्न इथेच येतो: कंपन्या का बुडतात?

एअर डेक्कनने २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथांच्या नेतृत्वाखाली सुरुवात केली आणि ज्याने कधी विमानतळ पाहिला नव्हता त्याला विमानात बसवलं. त्या कामाबद्दल मला आजही मनापासून आदर आहे, माझ्या पिढीच्या नोकऱ्या त्यातूनच आल्या. पण एक रुपयाच्या तिकिटांनी जी मागणी जागी केली ती २००५-०६ मध्ये स्पाइसजेट, गोएअर आणि इंडिगो अशा तिघांनी येऊन वाटून घेतली. तोटा वाढला, २००७ मध्ये किंगफिशरने हिस्सा घेतला आणि २००८ मध्ये डेक्कनची किंगफिशर रेड झाली. ऐषारामी सेवा आणि स्वस्त सेवा एकाच छपराखाली आली. प्रवाशाला कळेना आपण काय विकत घेतोय, आणि खर्च मात्र ऐषारामी सेवेच्या पट्टीने चढला. २०११ मध्ये रेड बंद करायचं जाहीर झालं, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सगळी किंगफिशरच थांबली.

स्पाइसजेटने २०१४ मध्ये एकामागून एक सेल लावले. सेल लागला की लोक खूश होतात, मी मात्र तारखा बघते. सहा महिन्यांनंतरच्या प्रवासाची तिकिटं आज स्वस्तात विकली की आजची रोख मिळते. तेल कंपनीचं आणि विमानतळाचं देणं त्यातून भागतं. पण ती रोख प्रवाशाकडून घेतलेली उसनवारीच असते, कारण सहा महिन्यांनी त्याला फुकटात उडवावं लागणार. त्या डिसेंबरात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, स्पाइसजेटला महिन्याच्या पुढची तिकिटं विकायला मनाई केली, ती याच भीतीने. कंपनी तेव्हा वाचली, २०१५ मध्ये जुने प्रवर्तक परत आले आणि पैसा उभा राहिला. सगळेच सेल संकटाचे नसतात, पावसाळ्यातली रिकामी आसनं भरायला लावलेले सेल तर निकोप असतात. पण कंपनी पगार थकवत असेल, विमानं भाडेपट्टीवाले परत नेत असतील आणि त्याच वेळी लांबच्या तारखांची तिकिटं कवडीमोलाने निघत असतील, तर माझ्या घरच्यांना मी ते तिकीट काढू देत नाही.

गो फर्स्टची, म्हणजे आधीच्या गोएअरची, गोष्ट वेगळी. प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांनी दगा दिला, निम्मी विमानं जमिनीवर बसली आणि २ मे २०२३ ला कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. जमिनीवरच्या विमानाचंही भाडं द्यावं लागतं, ते भरून काढायला फेऱ्याच उरल्या नाहीत. त्याच इंजिनांनी इंडिगोचीही कितीतरी विमानं बसवली होती. पण तिच्याकडे शिलकीत रोख होती, इतर विमानं होती, आणि २०१९ पासून तिने नव्या मागण्यांसाठी दुसऱ्या कंपनीचं इंजिन निवडायला सुरुवात केली होती. आजार एकच, पण एकीच्या अंगात ताकद होती.

कंपनी बंद पडली की तिच्या वेळा मोकळ्या होतात. विमानतळावर उतरायच्या-सुटायच्या ठरलेल्या वेळेला ‘स्लॉट’ म्हणतात. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा तळ आहे. अशा ठिकाणी सकाळी सातचा स्लॉट सोन्याच्या भावाचा. मिळालेला स्लॉट नीट वापरत राहिलं तर पुढच्या हंगामात त्यावर पहिला हक्क तुमचाच. म्हणून कंपन्या तोट्यातली फेरीही चालवतात, स्लॉट हातचा जाऊ नये म्हणून. नवी कंपनी येते तेव्हा तिला दुपारी अडीचचा नाहीतर रात्री साडेअकराचा स्लॉट उरतो. तिचं तिकीट पाचशेने स्वस्त असलं तरी नागपूरला सकाळी दहाच्या सुनावणीला जाणाऱ्या वकिलाला त्याचा उपयोग काय? अशी खरी कोंडी भाडी न बदलताही होते, आणि म्हणून ती तुमच्या वहीत उमटणार नाही. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा मला सर्वांत जास्त आनंद याचाच झाला, की सकाळच्या वेळांची ही मक्तेदारी थोडी तरी सैल होईल.

एकाच कंपनीवर सगळा भार आला की काय होतं, ते त्याच डिसेंबरात देशाने पाहिलं. देशांतर्गत साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी इंडिगोकडे होते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. त्या प्रमाणात वैमानिक हाताशी नव्हते आणि काही दिवसांत हजारो फेऱ्या रद्द झाल्या. इतर कंपन्यांची उरलेली आसनं भराभर वरच्या कप्प्यांत गेली. ६ डिसेंबरला सरकारने कमाल भाडी बांधली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,५०० किलोमीटरच्या पुढे १८,०००. ते पाऊल मला योग्य वाटलं. लग्नाला, इस्पितळात, परीक्षेला निघालेल्या माणसाला संगणकाच्या आलेखावर सोडून देता येत नाही.

पण ही मर्यादा कायमची असावी, या मागणीशी मी सहमत नाही. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात भाड्याला वरची आणि खालची, दोन्ही बंधनं होती. खालच्या बंधनामुळे दुबळ्या कंपन्यांना श्वास घेता आला, पण कमी खर्चात चालणारी कंपनी इच्छा असूनही स्वस्त तिकीट देऊ शकली नाही. वरचं बंधन कायम ठेवलं तर शेवटच्या क्षणी महाग तिकीट काढणाऱ्याकडून मिळणारा पैसा जातो. आधी काढणाऱ्याचं स्वस्त तिकीट त्याच पैशावर उभं असतं. शेवटी स्वस्त कप्पे आकसतात.

तुम्ही जाता जाता विचारलंय की मोबाइलवर पुन्हा पुन्हा शोधलं की भाडं वाढतं का. मी ज्या कंपन्यांमध्ये काम केलं तिथे एकेका ग्राहकाचा शोध पाहून भाडं चढवायची सोय नव्हती. तुम्हाला दिसतो तो बदल बहुतेक वेळा कप्पा संपल्याचा असतो. एक उपयोगी गोष्ट सांगते. चार जणांचं तिकीट शोधलंत आणि स्वस्त कप्प्यात दोनच आसनं असतील तर बहुतेक ठिकाणी चौघांनाही महागड्या कप्प्याचा दर लागतो. आधी एकाचं भाडं बघा, मग चौघांचं. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा. मात्र वेगवेगळ्या पीएनआरवर लहान मूल किंवा वृद्ध एकटे राहणार नाहीत एवढं पाहा.

आणि ती वही बंद करू नका. भाड्याच्या शेजारी दोन रकाने वाढवा: त्या दिवशी या मार्गावर कोणाच्या किती फेऱ्या होत्या, आणि त्या किती वाजता सुटत होत्या. फेऱ्या तेवढ्याच असताना भाडं चढलं असेल तर ती गर्दी. एखादी सकाळची फेरी गेली आणि त्यानंतर भाडं चढून तिथेच थांबलं असेल, तर ती नोंद मला जरूर पाठवा, तारखांसकट.